झाकली मूठ

आबांच्या डाव्या हाताची नखं कापणं हे आमच्या घरी दोन माणसांचं काम होतं. एकानं मूठ उघडून धरायची, दुसऱ्यानं नेलकटर चालवायचा. उघडून धरायला बहुधा काका असे, कारण जोर त्याच्या हातात. तो एकेक बोट उपटून काढल्यासारखं सोडवायचा, आबा दातओठ खायचे, आणि काका जितका ओढे तितकी मूठ आणखी आवळे. दोन नखं झाली की सगळे कंटाळून उठत. मग एक दिवस त्या हाताला वास येतोय असं आजी म्हणाली. मूठ उघडली तेव्हा दिसलं की मधल्या बोटाचं नख तळव्यात रुतून जखम झालीय. आपल्याकडे झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आमच्या घरच्या झाकल्या मुठीत घामानं भिजून पांढरी पडलेली कातडी होती आणि चिघळलेली जखम.

आबांच्या अंगावरून वारं गेलं त्याला तेव्हा आठ महिने झाले होते. मी फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला. पोरगी शिकतेय म्हटल्यावर घरात माझा शब्द चालायचा, आणि त्या ऐटीत मी आबांना एक मऊ पिवळा चेंडू आणून दिला होता. रोज शंभर वेळा दाबा, हातात ताकद येईल. आबा निवृत्त तलाठी, आकड्यांना पक्के. ते मोजून शंभर वेळा दाबत. जो हात मिटण्याखेरीज दुसरं काही करत नव्हता, त्याला मी मिटण्याचीच तालीम दिली होती. हे पुस्तक त्या चेंडूची भरपाई आहे असं समजायला हरकत नाही. अजूनही मी ज्या घरांत जाते त्यांतल्या निम्म्याहून अधिक घरांत तसाच चेंडू उशाशी पडलेला दिसतो.

पहिली अडचण नावाची. पक्षाघात, अर्धांगवायू, लकवा हे शब्द आपल्याकडे आहेत, पण ते झटक्याचे. झटक्यात हात लुळा पडतो. पुढे काही आठवड्यांनी तोच लुळा हात कोपरात दुमडू लागतो, मनगट खाली पडतं, बोटं वळतात. पाय मात्र उलट सरळ ताठ होतो, पाऊल आत वळतं आणि चालताना तो पाय बाजूनं अर्धवर्तुळ काढत पुढे येतो. या दुसऱ्या अवस्थेला आपण नुसतं ‘आखडलंय’ म्हणतो. पण आपल्याकडे आखडतं काहीही. बसून कंबर आखडते, थंडीत बोटं आखडतात, पाहुणे वाढले की हातही आखडता घेतात. कुणी नस आखडली म्हणतं, कुणी शिरा सुकल्या, कुणी नुसतं ‘गोळे येतात’ म्हणून पोटरी दाखवतं. परिभाषेतले जड संस्कृत शब्द मी ओपीडीत वापरून पाहिले. समोरची माणसं माझ्याकडे पोथी ऐकल्यासारखी बघत राहिली. म्हणून या पुस्तकात ‘ताठरपणा’ म्हटलंय, आणि नेमकं बोलायचं तिथे सरळ स्पॅस्टिसिटी.

त्या इंग्रजी शब्दालाही इतिहास आहे. मिथू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया काढली, तेव्हा हे नाव कुणाला खटकलं नव्हतं. ब्रिटनमध्ये मात्र शाळकरी पोरं एकमेकांना ‘स्पॅस्टिक’ म्हणून हिणवू लागली आणि तिथल्या स्पॅस्टिक्स सोसायटीनं १९९४ मध्ये नाव बदलून ‘स्कोप’ केलं. मुंबईची संस्थाही पुढे ‘अडाप्ट’ झाली. मी स्नायूला स्पॅस्टिक म्हणते, माणसाला नाही, आणि वाचकांनीही हा भेद पाळावा असं वाटतं.

आता हा ताठरपणा होतो कसा? एसटीत उभ्यानं प्रवास केलेल्या माणसाला यातलं निम्मं शास्त्र अंगानंच ठाऊक असतं. ड्रायव्हर ब्रेक दाबतो, आपण पुढे झुकतो, आणि कळायच्या आत पोटऱ्या घट्ट होऊन आपल्याला सावरतात. पोटरीचा स्नायू एकदम ताणला गेला. त्याच्या आत चातीच्या आकाराची बारीक संवेदनाग्रं असतात, त्यांनी ती बातमी मज्जारज्जूला दिली. आणि मज्जारज्जूनं मेंदूची परवानगी न मागता उलट टपाली ‘आवळ’ असं कळवलं. डॉक्टर गुडघ्याखाली हातोडी मारतात आणि पाय उडतो, तो याच व्यवहाराचा नमुना. ताणलं की आवळायचं, ही स्नायूची उपजत खोड आहे. ती नसती तर आपण दर खड्ड्याला पडलो असतो.

पण ही खोड मोकाट सोडली तर शर्टाच्या बाहीत हात घालणंही मुश्कील होईल. तिला आवर घालणारा वर बसलेला असतो. चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञानं १८९८ मध्ये मांजरावरचा जो प्रयोग प्रसिद्ध केला, त्यात ही गोष्ट फार विलक्षण रीतीनं दिसली. मोठ्या मेंदूचा खालच्या भागाशी असलेला संबंध तोडला तर पाय लुळे पडावेत असं कुणालाही वाटेल. मांजराचे पाय खांबासारखे ताठ झाले. १९२४ मध्ये लिडेल यांच्याबरोबर त्यांनी ताणाला स्नायू कसा उत्तर देतो हेही दाखवून दिलं, आणि १९३२ मध्ये एडगर एड्रियन यांच्याबरोबर त्यांना नोबेल मिळालं. मी रुग्णाच्या घरी हे सांगताना बैलगाडीचा आधार घेते. मेंदूच्या एका हातात चाबूक असतो, दुसऱ्यात कासरा. झटक्यात दोन्ही सुटतात. चाबूक सुटला म्हणून हात उचलवत नाही, आणि कासरा सुटला म्हणून तोच हात नको तिथे ओढला जातो. अशक्तपणा आणि ताठरपणा एकाच हातात एकत्र राहतात ते यामुळे. ताठ हात म्हणजे जोर परत आलेला हात, हा समज किती घरांत किती महिने खातो, ते मी पाहिलंय.

सिडनीचे मेंदूतज्ज्ञ जेम्स लान्स यांनी १९८० मध्ये स्पॅस्टिसिटीची व्याख्या केली. तिच्यावर वाद आहेत, पण तिच्यातला एक शब्द घरच्या माणसानं भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे, तो म्हणजे ‘वेग’. स्पॅस्टिक स्नायूचा विरोध वेगावर अवलंबून असतो. कोपर झटकन सरळ करायला जा, ते अडेल. कधी अडून मग मिटत्या चाकूच्या पात्यासारखं एकदम सुटेल. तेच कोपर सावकाश सरळ करा, पुष्कळदा वाद न घालता येतं. पार्किन्सनमध्ये हात हळू हलवला काय, जोरात हलवला काय, शिशाच्या नळीसारखा सारखाच जड लागतो. तो आजार वेगळा आणि त्याची औषधंही वेगळी. आमचा काका प्रेमानं आणि घाईनं ओढत होता, आणि आबांचा मज्जारज्जू त्या घाईला नियमानुसार उत्तर देत होता. शर्ट घालताना आधी दुखरा हात बाहीत घाला, काढताना तो शेवटी काढा, आणि तोंडानं पाच आकडे मोजत घाला. हे सांगायला पदवी लागत नाही, तरी दवाखान्यातून घरी पाठवताना ते क्वचितच कुणी सांगतं.

लहान मुलांत हाच ताठरपणा कौतुकाचं सोंग घेऊन येतो. ‘पाय फार बळकट आहेत हो याचे, काखेत धरलं की खांबासारखा उभा राहतो,’ असं आजी आनंदानं सांगत असते आणि मी बाळाच्या टाचांकडे बघत असते. टाचा टेकत नसतील, उभं धरल्यावर पाय कात्रीसारखे एकमेकांवर येत असतील, लंगोट बदलताना मांड्या फाकवत नसतील, तर तो बळकटपणा नव्हे. नवजात बाळाच्या मुठी मिटलेल्या असतातच. पण चार महिन्यांनंतरही अंगठा आत दाबून मूठ घट्टच राहत असेल, किंवा वर्षाच्या आतच मूल सगळं एकाच हातानं उचलू लागलं असेल, तर ‘डावखुरा होणार वाटतं’ म्हणून हसण्याआधी बालरोगतज्ज्ञाला दाखवावं.

मुलांमधल्या या अवस्थेला कितीतरी वर्षं ‘लिटलचा आजार’ म्हणत. विल्यम जॉन लिटल यांचं एक पाऊल लहानपणच्या आजारानं वाकडं झालं होतं. १८३६ मध्ये ते जर्मनीत हॅनोव्हरला स्ट्रोमायर नावाच्या शल्यविशारदाकडे गेले, टाचेचा स्नायुबंध कातडीखालून कापून घेतला, पाऊल सरळ करून घेतलं, आणि तीच शस्त्रक्रिया शिकून लंडनला परतले. रुग्ण होऊन जाऊन वैद्य होऊन आलेला माणूस! १८६१ मध्ये त्यांनी अवघड बाळंतपण, अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मताना कोंडलेला श्वास यांचा आणि मुलांच्या ताठ हातापायांचा संबंध मांडला. तो संबंध खरा आहे, पण पुढच्या दीडशे वर्षांत हेही कळलं की बहुतेक मुलांत केवळ बाळंतपणाच्या वेळची घटना हे कारण नसतं. हे मुद्दाम लिहितेय, कारण आपल्याकडे या मुलांच्या आयांना ‘तू तेव्हा काय केलंस’ हे ऐकावं लागतं, आणि विचारणारी माणसं घरचीच असतात.

मुलांच्या बाबतीत वेळेवर दाखवणं आणखी एका कारणानं महत्त्वाचं. मेंदूतली इजा वाढत नाही, पण मूल वाढतं. हाड लांब होतं, ताठ स्नायू त्या वेगानं लांब होत नाही, आणि मांडीचे आतले स्नायू खुब्याचा सांधा हळूहळू बाहेर ओढत राहतात. दुखेपर्यंत हे कुणाच्या लक्षात येत नाही. न चालणाऱ्या मुलाच्या खुब्याचा एक्सरे ठरावीक काळानं काढत राहणं हा साधा, स्वस्त आणि बहुतेक वेळा राहून जाणारा उपाय आहे.

मोठ्यांतही ताठरपणा तसाच राहिला की दुसरं काहीतरी सुरू होतं. सतत आखूड अवस्थेत राहिलेला स्नायू खरोखरच आखूड होतो, त्याच्यातला लवचीक भाग कमी होतो, चिवट धागे वाढतात. सुती कापड धुण्यात आटावं तसा. याला काँट्रॅक्चर म्हणतात. ताठरपणा हा मज्जातंतूंचा निरोप आहे, काँट्रॅक्चर ही मांसाची स्थिती. पहिल्यावर गोळी-इंजेक्शन चालतं, दुसऱ्यावर नाही. ढोबळ पारख घरीही करता येते. माणूस गाढ झोपेत असताना हात हलकेच उघडून बघा. सैल पडला तर आशा पुष्कळ. झोपेतही तितकाच अडला तर स्नायू आटू लागलाय असं समजून डॉक्टरांना सांगा.

आणि इथे आमच्या धंद्याला झोंबणारी गोष्ट कबूल करायला हवी. वर्षानुवर्षं आम्ही फिजिओथेरपिस्ट रोज काही मिनिटं हातपाय ताणून देत आलो, घरच्यांनाही तेच शिकवत आलो. २०१७ मध्ये वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या समीक्षेनं या विषयावरच्या चाचण्या एकत्र तपासल्या आणि काही आठवडे-महिने असं ताणल्यानं सांध्याच्या हालचालीत कामाला यावा असा फरक पडत नाही, असा निष्कर्ष काढला. वाचून मी दोन दिवस घुम्यासारखी होते. मग हिशेब मांडला. दिवसाचे चोवीस तास, त्यातली वीस मिनिटं मी हात ताणते; उरलेला वेळ तो हात मांडीवर मुठीत पडलेला असतो. आता मी ताणणं सोडलेलं नाही, पण माझा भर बदललाय. हात दिवसभर कसा ठेवलाय, खुर्ची केवढी, पाऊल जमिनीला पूर्ण टेकतं का, आणि जी काही हालचाल उरलीय ती एखाद्या खऱ्या कामात वापरली जाते का, हे मी आधी पाहते. चेंडू दाबण्यापेक्षा पेला सोडणं मोलाचं. पकडणं त्या हाताला येतंच, सोडणं शिकवावं लागतं.

या विषयातला मला सर्वांत आवडणारा भाग मात्र वेगळाच आहे. ताठरपणा चहाडखोर असतो. मणक्याला मार लागून कमरेखालची संवेदना गेलेल्या माणसाला खाली काय दुखतंय ते कळत नाही, पण त्याचे पाय कळल्यासारखे वागतात. काल बरा असलेला माणूस आज सकाळपासून सारखे झटके येतायत म्हणू लागला, तर गोळी वाढवण्याआधी शोध घ्यावा. लघवीत जंतुसंसर्ग झालाय का? लघवीची नळी दुमडलीय का? चार दिवस पोट साफ नाही का? बेडसोर झालाय? पायाच्या अंगठ्याचं नख आत वाढलंय? पट्टा, मोजा, नवी चप्पल कुठे आवळतेय? एका तरुणाचे पाय आठवडाभर ताठ होते, औषध दोनदा वाढवलं. शेवटी बुटात खडा सापडला. बाभळीचा काटा असता तरी त्याला कळलं नसतं. थंडी, ताप, काळजी, भांडण यांनीही ताठरपणा वाढतो. पुण्यात खडकीला कमरेखाली अधू झालेल्या जवानांसाठी १९७४ पासून पुनर्वसन केंद्र आहे. अशी केंद्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असल्यानं बाकीच्यांच्या बाबतीत हा पोलिसी तपास घरच्यांनाच करावा लागतो. या पुस्तकातलं सर्वांत लांब प्रकरण त्यावर आहे, आणि घाई असेल त्यानं आधी तेच वाचावं.

ताठरपणाचा उपकारही असतो, हे ऐकून लोक चकित होतात. मांडीत जोर नसलेला माणूस ताठ झालेल्या पायावर भार देऊन पलंगावरून खुर्चीत बसतो. तो ताठपणा औषधानं उतरवला की पाय मेणासारखा वाकतो, आणि काल स्वतः उठणाऱ्या माणसाला आज दोघं लागतात. कागदावर सुधारणा झालेली असते! म्हणून डॉक्टरांकडे जाताना ‘पाय ताठ आहे’ एवढंच सांगू नका, त्या पायावर तुमचं काय काय चालतं तेही सांगा.

उपचारांविषयी आता. तेल लावण्याला माझा विरोध नाही. हलक्या हातानं केलेल्या मालिशनं बरं वाटतं आणि कुणीतरी रोज तासभर जवळ बसतं, हे कमी नाही. विरोध आहे तो दुखऱ्या खांद्याला धरून ओढण्याला, बधिर पायावर ठेवलेल्या कढत पिशवीला, आणि कबुतराच्या रक्ताला. हो, अजूनही चोळतात.

गोळ्यांत सर्वांत जुनी ओळखीची बॅक्लोफेन. स्वित्झर्लंडमध्ये बाझलच्या सिबा कंपनीत १९६२ मध्ये हाइनरिख केबर्ले यांनी ती फिट्सवर म्हणून तयार केली. फिट्सवर तिचा उपयोग झाला नाही, ताठरपणावर झाला. मज्जारज्जूत जो आवर घालणारा रासायनिक निरोप असतो, त्याची ती नक्कल करते. सुटलेला कासरा थोडासा धरते म्हणा. पण ती सगळ्याच अंगाचा कासरा धरते, म्हणून झोप येते, गळून गेल्यासारखं वाटतं, चांगले स्नायूही सैलावतात. टिझानिडीनचा मार्ग निराळा, झापड तीच. तिनं तोंड कोरडं पडतं, रक्तदाबही उतरू शकतो. डँट्रोलीन थेट स्नायूवर काम करते आणि यकृतावर लक्ष ठेवावं लागतं. या सगळ्यांत एकच गोष्ट मी ठळक अक्षरांत छापायला सांगितलीय. बॅक्लोफेन एकाएकी बंद करू नका. लग्नाला गावी गेलो, गोळ्या संपल्या, चार दिवसांनी काय बिघडतंय, असं म्हणणाऱ्या घरात मी फिट आलेली, भ्रमिष्टासारखी बडबडणारी माणसं पाहिलीयत. बंद करायचीच तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं पायरीपायरीनं.

सगळं अंग ताठ नसून एखादा हात किंवा पोटरीच ताठ असेल, तर सगळ्या शरीराला गोळी का द्यायची? इथे बोटुलिनम टॉक्सिन येतं, ज्याला लोक एका ब्रँडच्या नावानं बोटॉक्स म्हणतात आणि ‘ते नट्या घेतात ते?’ असं विचारतात. तेच. त्याची जन्मकथा मात्र नट्यांची नाही, सॉसेजची आहे. जर्मनीतल्या व्युर्टेंबर्गमध्ये बिघडलेले सॉसेज खाऊन माणसं मरत. युस्टिनुस केर्नर हा वैद्य तिथला कवीही होता. १८२० च्या आसपास त्यानं या विषबाधेची बारकाईनं नोंद केली, विष स्वतःवरही चाखून पाहिलं, आणि अतिचाळवलेल्या मज्जातंतूंवर हेच कधीतरी औषध ठरेल असं लिहून ठेवलं. १८९५ मध्ये बेल्जियममधल्या एलझेल गावात अंत्ययात्रेत वाजवायला आलेल्या बँडवाल्यांनी खारवलेलं डुकराचं मांस खाल्लं. तिघे दगावले, आणि एमिल व्हान एरमेंगेम यांनी त्या मांसातून हे विष तयार करणारा जंतू शोधून काढला. मग जवळपास ऐंशी वर्षांनी सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट यांनी तिरळ्या डोळ्यांचे स्नायू सैल करायला या विषाचा अगदी सूक्ष्म अंश वापरला. अमेरिकेत १९८९ मध्ये डोळ्यांसाठी त्याला परवानगी मिळाली, आणि त्याच सुमारास पक्षाघातानं ताठलेल्या हातांवरचे पहिले अनुभव छापून आले. काट्यानं काटा काढायचा तो असा.

हे औषध मज्जातंतूच्या टोकाशी बसतं आणि तिथून स्नायूला जाणारा निरोप अडवतं. परिणाम काही दिवसांत दिसू लागतो, महिना-दीड महिन्यात सर्वांत जास्त असतो आणि साधारण तीन-चार महिन्यांत ओसरतो, कारण मज्जातंतू नवी वाट काढतोच. एका मोठ्या माणसाच्या हातासाठी दोनशे ते चारशे युनिटही लागू शकतात. एका कंपनीचं युनिट म्हणजे दुसरीचं युनिट नव्हे, हे बिल बघताना आणि डोस विचारताना ध्यानात ठेवा. बिलाचं नाव काढलंच आहे तर माझं मतही लिहिते. हे इंजेक्शन म्हणजे बरं होणं नव्हे, ती तीन महिन्यांची भाड्यानं घेतलेली खिडकी आहे. त्या मुदतीत स्प्लिंट, प्लास्टर, व्यायाम, हाताला काम यांतलं काही होणार नसेल, तर मी स्वतः त्या घराला पैसे खर्च करू नका म्हणते. यावरून डॉक्टरांशी माझी दोनदा खडाजंगी झालीय. फिनॉलचं इंजेक्शन याहून जुनं आणि फार स्वस्त. हात सराईत हवा, आणि चुकीच्या नसेला लागलं तर आग आग होते. जिथे पैसा नाही आणि सराईत हात आहे, तिथे त्याला हसू नये.

सगळ्या अंगाचा तीव्र ताठरपणा असेल तर पोटाच्या कातडीखाली पंप बसवून बॅक्लोफेन थेट मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात सोडतात. शिकागोत रिचर्ड पेन यांनी १९८४ मध्ये याचे पहिले निष्कर्ष दिले. तोंडानं मिलिग्रॅममध्ये लागणारं औषध इथे मायक्रोग्रॅमवर भागतं. मात्र पंप ठरल्या वेळी भरावा लागतो, आणि ती तारीख चुकली तर जे गोळी बंद केल्यावर होतं तेच अधिक भयंकर रूपात होतं. काही निवडक मुलांत मज्जारज्जूत शिरणाऱ्या संवेदनातंतूंपैकी काही कापतात. केपटाऊनमध्ये वॉरिक पीकॉक यांनी १९८० च्या दशकात ही शस्त्रक्रिया आजच्या रूपाला आणली. आटलेल्या स्नायूचा बंध लांबवणं, म्हणजे लिटल यांनी स्वतःवर करून घेतलं त्याच कुळातलं काम, आजही रोज होतं. मुंबईत हाजी अलीजवळ १९५५ पासून केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. जिल्ह्याच्या गावातून तिथवर पोचणं हाच अनेकांचा अर्धा उपचार असतो.

ताठरपणा मोजायची पट्टीही आहे. ब्रायन अ‍ॅशवर्थ यांनी १९६४ मध्ये शून्य ते चार अशी केली, १९८७ मध्ये तिच्यात ‘एक अधिक’ ही पायरी घातली गेली. फाइलवर तो आकडा दिसेल. तो तीनवरून दोनवर आला म्हणून घरात पेढे वाटू नका, आणि तीनच राहिला म्हणून रडू नका. मी पहिल्या भेटीत घरच्यांना एका वहीत तीन ओळी लिहायला लावते. काय करता यायला हवं, ते कोण करणार, आणि कोणत्या तारखेला बघायचं. ‘हात बरा व्हावा’ ही ओळ मी खोडते. ‘काखेत साबण लावता यावा’ ही ठेवते. एका बाईंनी लिहिलं होतं, ‘देवापुढे दोन्ही हात जोडता यावेत.’ ती ओळ वाचून आम्ही मनगटाला इंजेक्शन घेतलं, बोटांना नाही. आकडा जवळजवळ तिथेच राहिला.

आबांची मूठ मात्र इंजेक्शनाशिवाय उघडली. जखमेचं पाहून मी कॉलेजात आमच्या मॅडमना सांगितलं, तेव्हा त्या रागावल्या नाहीत. माझाच हात धरून दाखवलं. पुढच्या शनिवारी गावी गेले. काकाला बाहेर पाठवलं. आबांना म्हटलं, तुम्ही काही करू नका, नुसता श्वास सोडा. त्यांचं कोपर उशीवर ठेवलं, आणि बोटांना हात न लावता मनगट आतल्या बाजूला आणखी वाकवलं. असं केलं की बोटं मिटणाऱ्या स्नायूंना ढील मिळते. मग थांबले. बराच वेळ. मग अंगठा त्याच्या मुळाशी धरून, टोकाशी नाही, बाहेर घेतला, आणि बाकीची चार बोटं सावकाश आपणहून सुटली. आबा तळव्याकडे बघत राहिले. ‘रेषा तशाच आहेत की,’ म्हणाले. आजीनं कोमट पाण्याचं फडकं आणलं, तळवा पुसला, बोटांच्या बेचक्या कोरड्या केल्या, आणि पावडर लावू का विचारलं. नको म्हटलं, घामानं तिचे गोळे होतात. त्याऐवजी मऊ सुती कापडाची गुंडाळी करून मुठीत ठेवली, आणि मी नेलकटर घेतला.